ग्रंथालयांतील नव्या ग्रंथांची आवक : पुरवठ्याचे करार व संशोधकाचें कर्तव्य

मंडळाचे बहुतेक सभासद पोथ्या, बखरी, सनदा व दप्तरें यांच्या मागें हिंडणारे. त्यांच्यापुढें नव्या छापील पुस्तकांच्या खरेदीचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. तथापि एखादी पोथी हातीं आली असतां ती कोणाच्या घरून, कोणाच्या हस्तें व केव्हां आली हें आपण जसें आधीं विचारतों, तसेंच ग्रंथालयाच्या कपाटांतील छापील पुस्तकाविषयींहि विचारणें अवश्य आहे, आणि तें आपण सहसा विचारीत नाहीं. या उपेक्षेमुळें संशोधनांत चुकीचीं अनुमानें कशीं शिरतात हें दाखविण्याकरितां, ग्रंथालयें व पुस्तकांचे पुरवठादार यांच्यामधील करारांचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

(१)

या विषयाकडे माझें लक्ष वळलें तें माझ्या स्वतःच्या एका चुकीमुळें. ती आधीं सांगतों. ज्या शाळेंत मीं तीस वर्षें संस्कृत शिकविलें, त्याच शाळेंत माझ्या पूर्वीं एक शिक्षक होऊन गेले. त्यांनीं गांवच्या व आसपासच्या देवळांतील शिलालेखांचे ठसे घेऊन त्यांचें वाचन एका लहानशा पुस्तकांत छापलें होतें, अशी गोष्ट गांवचे वृद्ध लोक सांगत. मीं त्या पुस्तकाचा पुष्कळ शोध केला. गांवच्या वाचनालयाची दाखल नोंदवही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. जिल्ह्याच्या ग्रंथालयांत पाहिलें. कायद्यानें ज्यास प्रत्येक पुस्तकाची प्रत मिळावयास पाहिजे अशा एका मोठ्या ग्रंथालयांतहि चौकशी केली. कोठेंच पत्ता लागला नाहीं. तेव्हां पुस्तक छापलें गेलेंच नाहीं, हस्तलिखितच राहून नष्ट झालें असावें, असें मीं एका व्याख्यानांत बिनदिक्कत सांगून टाकलें.

पुढें चार वर्षांनीं अमेरिकेंत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तेथील एका विद्यापीठाच्या ग्रंथसूचींतील नोंद उतरवून पाठविली. पुस्तक १९६५ सालीं छापलेलें, पृष्ठें ४८, प्रकाशक स्वतः ग्रंथकर्ता, किंमत दिलेली नाहीं. त्यानें पानांचीं छायाचित्रेंहि मिळविलीं. त्यांत जे लेख वाचलेले आहेत त्यांपैकीं एक शिळा मध्यंतरीं देवळाच्या जीर्णोद्धारांत गिलाव्याखालीं गेली आहे, व तिच्यावरील मजकुराचें त्या ४८ पानांवांचून दुसरें साधन उरलेलें नाहीं. ज्या पुस्तकाचें अस्तित्व मीं नाकारलें तेंच त्या लेखाचा एकमेव साक्षीदार ठरलें.

आपल्या शास्त्रकारांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें आहे, पण तें योग्यानुपलब्धि असेल तरच. वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असून ती न दिसली, तर ‘ती नाहीं’ असें म्हणतां येतें. काळोख्या खोलींत घट दिसला नाहीं एवढ्यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाहीं. ग्रंथालयांत पुस्तक नाहीं यावरून तें छापलेंच नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, तें छापलें असतें तर या ग्रंथालयांत येण्याची वाट होती काय, हें पाहिलें पाहिजे. मीं तें पाहिलें नव्हतें. ती वाट म्हणजेच पुरवठ्याचा करार.

(२)

नवा ग्रंथ ग्रंथालयांत येण्याच्या वाटा मुख्यतः चार : खरेदी, देणगी, देवघेव व कायद्यानें येणारी प्रत. पैकीं खरेदीचे पुन्हा प्रकार आहेत.

पहिला प्रकार नेमक्या मागणीचा. ग्रंथपाल किंवा समिति एकेक पुस्तक निवडून नांवानिशीं यादी करते व ती विक्रेत्याकडे पाठविते. येथें निवड सर्वस्वी ग्रंथालयाची. विक्रेता केवळ आणून देणारा. ज्यांचें नांव ग्रंथपालाच्या कानावर आलें तींच पुस्तकें या मार्गानें येतात, हा त्याचा गुण व हाच दोष.

दुसरा प्रकार स्थायी मागणीचा. एखादी ग्रंथमाला, कोश किंवा अनेक खंडांत निघणारा ग्रंथ असेल तर ‘यापुढें जो जो खंड निघेल तो तो पाठवावा’ असें एकदांच लिहून ठेवावयाचें. आपल्याकडील संस्कृत ग्रंथमालांचे संच ज्या ग्रंथालयांत अखंड सांपडतात, तेथें बहुधा अशी स्थायी मागणी असते. जेथें मधले खंड गहाळ दिसतात, तेथें ती कोणाच्या तरी कारकीर्दींत बंद पडलेली असते.

तिसरा प्रकार सरसकट मागणीचा. यांत पुस्तकाचें नांवहि नसतें. अमुक देशांत, अमुक भाषेंत किंवा अमुक विषयावर जें जें प्रसिद्ध होईल तें तें पाठवीत जावें, असा अधिकारच विक्रेत्यास दिलेला असतो, व पाठविलेलें पुस्तक ग्रंथालय सामान्यतः ठेवून घेतें.

चौथा प्रकार व्यापाऱ्यांस सुपरिचित अशा जांगड मालासारखा आहे. कापडवाला ओळखीच्या घरीं लुगडीं जांगड पाठवितो. पसंत पडतील तीं ठेवावयाचीं, बाकीचीं परत. त्याप्रमाणें विक्रेता ठरलेल्या नियमांनुसार पुस्तकें निवडून ग्रंथालयाकडे पाठवितो. ग्रंथपाल व अध्यापक तीं पाहतात, हवीं तीं ठेवतात, नको तीं परत करतात. जीं पुस्तकें नियमाच्या कांठावर पडतात त्यांच्या केवळ माहितीच्या चिठ्ठ्या येतात. पुढें या व्यवस्थेंत आणखी भर पडली. पुस्तकावर शिक्का, पाठीवर क्रमांकाची पट्टी व सोबत तालिकेची नोंद, असें सर्व संस्कार विक्रेत्याकडेच होऊन पुस्तक थेट कपाटांत ठेवण्याजोगें येऊं लागलें.

(३)

चौथ्या प्रकारांतील नियमांची घडण पाणिनीयांस चटकन् समजेल, कारण ती उत्सर्ग व अपवाद यांचीच आहे. ‘इतिहास या विषयाचीं सर्व पुस्तकें पाठवावीं’ हा उत्सर्ग. ‘शालेय क्रमिक पुस्तकें, पुनर्मुद्रणें व भाषांतरें वगळावीं’ हा अपवाद. ‘परंतु भाषांतर मूळ साधनग्रंथाचें असेल तर पाठवावें’ हा अपवादाचा अपवाद. याखेरीज भाषा, देश, प्रकाशकांचा वर्ग, वाचकांची इयत्ता, बांधणी व किंमतीची मर्यादा हीं कलमें असतात. आणि अधिकारसूत्राप्रमाणें एक कलम पुढील सर्व कलमांवर चालतें. किंमतीची मर्यादा एकदां घातली कीं ती प्रत्येक विषयास लागू होते.

या ठिकाणीं एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. निवडीचें काम नाहींसें होत नाहीं. तें फक्त जागा बदलतें. पूर्वीं एकेका पुस्तकापुढें बसून जो निर्णय होत असे, तो आतां नियम लिहितांना एकदांच होतो. नंतर हजारों पुस्तकें त्या चाळणींतून जातात आणि जें खालीं पडलें तें कोणीं पाहिलेलेंहि नसतें. नेमक्या मागणींत नाकारलेल्या पुस्तकाची निदान चर्चा झालेली असते, समितीच्या इतिवृत्तांत एखादी ओळ असते. नियमानें वगळलेल्या पुस्तकाचा मात्र कांहींच मागमूस राहत नाहीं. संशोधकास त्याचा पत्ता लागावयाचा तर त्या नियमाचा कागदच हातीं असावा लागतो.

(४)

परदेशचे ग्रंथ अशा करारांनीं मिळविण्याचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग अमेरिकेंत झाला. दुसऱ्या महायुद्धांत यूरोपांतील ग्रंथ येणें बंद पडलें, तेव्हां आपल्या देशांत परकीय ग्रंथांचा संग्रह किती अपुरा आहे हें तेथील ग्रंथपालांस जाणवलें. १९४२ सालीं कनेक्टिकट संस्थानांतील फार्मिंग्टन या गांवीं त्यांची बैठक भरली व तिच्यांतून निघालेली योजना त्याच गांवाच्या नांवानें प्रसिद्ध झाली. संशोधनास उपयोगी अशा प्रत्येक नव्या परकीय ग्रंथाची निदान एक प्रत देशांतील कोणत्या तरी ग्रंथालयांत यावी, हा तिचा हेतु. विषय निरनिराळ्या ग्रंथालयांनीं वांटून घेतले, आणि ज्या त्या देशांतील विक्रेत्यानें पुस्तकें निवडून ठरल्या ग्रंथालयाकडे रवाना करावीं अशी व्यवस्था केली. १९४८ सालीं सुरू झालेली ही योजना १९७२ सालीं संपली.

आपल्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे तो हिंदुस्थानांत चाललेला प्रयोग. १९५४ सालीं अमेरिकेनें शेतमालाच्या निर्यातीचा जो कायदा केला, तो ४८० या आंकड्यानें आपल्याकडे सर्वतोमुखीं झाला. त्या कायद्यान्वयें आलेल्या गव्हाची किंमत भारतानें रुपयांत भरावयाची होती, आणि ते रुपये मुख्यतः येथेंच खर्च होण्याजोगे होते. १९५८ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, अशा परकीय चलनांतून ग्रंथ विकत घेण्याची मुभा वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयास मिळाली. १९६२ सालीं नवी दिल्लींत त्याची कचेरी उघडली. गव्हाच्या पैशांतून मराठी पुस्तकें समुद्रापार जाऊं लागलीं तीं अशीं.

या कचेरीची रीत अशी होती. निरनिराळ्या भाषांतील पुस्तकें विक्रेत्यांकडून मागवावयाचीं. कचेरींतील त्या त्या भाषेच्या जाणकारांनीं तीं पाहून निवडावयाचीं. निवडलेल्या पुस्तकाच्या अनेक प्रती घेऊन योजनेंत सामील झालेल्या विद्यापीठांकडे एकेक प्रत पाठवावयाची. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्नियांतील बर्कली हीं त्यांपैकीं कांहीं. जुलै १९६२ पासून आलेल्या ग्रंथांची यादी दरमहा छापून निघूं लागली. सामील ग्रंथालयांच्या दृष्टीनें ही सरसकट मागणी होती. पुस्तक तेथें कोणी मागितलेलें नसे. तें नियमानें जात असे.

त्या नियमाची व्याप्ति मोठी होती, कारण खर्च होणारे रुपये ग्रंथालयांच्या पदरचे नव्हते. व्यापारी प्रकाशकांच्या ग्रंथांबरोबर संस्थांचे अहवाल, स्मरणिका व खासगी छपाईचीं पुस्तकेंहि त्या ओघांत गेलीं. १९७४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहॅन यांनीं रुपयांच्या त्या सांठ्यापैकीं १,६६४ कोटींचा धनादेश भारत सरकारास परत दिला, तरी ग्रंथखरेदी चालूच राहिली. १९८० नंतरच्या दशकांत मात्र तो निधि आटला आणि ग्रंथालयांस आपले डॉलर मोजावे लागले. त्याबरोबर नियमहि बदलला. कोणत्या भाषेचीं, कोणत्या विषयांचीं व किती रकमेपर्यंतचीं पुस्तकें हवींत, हें प्रत्येक ग्रंथालय ठरवून देऊं लागलें. म्हणून १९६२ नंतरच्या वीस वर्षांतील मराठी छपाईचें जें चित्र त्या विद्यापीठांत मिळेल, तेंच पुढील काळाविषयीं मिळेल असें गृहीत धरतां येत नाहीं. छपाई कमी झाली नसून चाळणीचीं छिद्रें लहान झालीं, ही शक्यता आधीं विचारांत घेतली पाहिजे.

खासगी छपाईच्या पुस्तकांचें मोल काय असतें, याचें उदाहरण आपल्या कुलवृत्तान्तांचें आहे. कुलवृत्तान्त घराण्यांतील मंडळी वर्गणी काढून छापतात व आपसांत वांटतात; दुकानांत तो क्वचितच येतो. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत दक्षिण आशियाच्या ग्रंथसंग्रहाचें काम पाहणाऱ्या मॉरीन पॅटरसन यांनीं १९६८ सालीं चित्पावन घराण्यांच्या कुलवृत्तान्तांवर निबंध लिहून, समाजाच्या इतिहासाचें साधन म्हणून त्यांचा उपयोग दाखविला. जी व्यक्ति संग्रहाची व्यवस्था पाहते तिलाच बाजारांत न येणाऱ्या पुस्तकाची किंमत कळली, तर संग्रह कसा समृद्ध होतो हें यांत दिसतें.

(५)

आतां माझ्या ४८ पानांच्या पुस्तकाकडे परत येऊं. तीन ठिकाणीं तें नव्हतें व एके ठिकाणीं होतें. याचीं कारणें त्या त्या ठिकाणच्या वाटेंत आहेत.

गांवच्या वाचनालयाचीं जुनीं बिलें मीं नंतर मुद्दाम काढून पाहिलीं. बहुतेक खरेदी मार्च महिन्यांतील, एकाच विक्रेत्याकडील, आणि जो अधिक कमिशन देईल त्याच्याकडून घेतलेली. अनुदानाची रक्कम वर्षअखेर संपवावयाची असल्यानें विक्रेत्यानें आपल्या दुकानांतील यादी द्यावी व समितीनें तिच्यावर खुणा कराव्या, असा तो प्रकार. कागदावर ही नेमकी मागणी. वस्तुतः निवड विक्रेत्याच्या मांडणीची. ज्या पुस्तकास किंमत नाहीं त्यावर कमिशन कसलें? गांवांतच, गांवाविषयीं, गांवच्या शिक्षकानें छापलेलें पुस्तक वाचनालयाच्या दारापर्यंत आलें नाहीं, याचें कारण एवढेंच. जिल्ह्याच्या ग्रंथालयाची खरेदीहि विक्रेत्यांच्या दरपत्रकांवरूनच होत असे.

कायद्याची वाट निराळी. १८६७ च्या छापखान्यांविषयींच्या कायद्यानें पुस्तकांची नोंद व त्रैमासिक याद्या सुरू झाल्या, त्या जुन्या छपाईच्या अभ्यासकांस परिचित आहेत. पुढें १९५४ च्या कायद्यानें प्रकाशकावर असें बंधन घातलें कीं, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत त्यानें स्वखर्चानें एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व एकेक प्रत आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांस पाठवावी. मुंबईचें मध्यवर्ती ग्रंथालय हें त्या तिहींपैकीं एक. कायदा उत्तम, पण त्यांत सांगितलेला दंड पन्नास रुपयांपर्यंत व पुस्तकाच्या किंमतीइतका. विनामूल्य पुस्तकाची किंमत शून्य! आणि ज्यानें पदरमोड करून पुस्तक छापलें त्या शिक्षकास आपण कायद्याच्या भाषेंत ‘प्रकाशक’ आहों याची कल्पनाहि नसावी. ही वाट सर्वांस खुली खरी, पण तिच्यावर पहिलें पाऊल प्रकाशकानें टाकावयाचें असतें.

अमेरिकेंतील प्रतीच्या तालिकेंत मात्र ४८० हा आंकडा व त्यापुढें देश आणि भाषा यांची खूण आहे. तेवढ्या खुणेवरून पुस्तक कोणत्या योजनेंतून गेलें हें कळलें. पोथीसंग्राहकांस यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील सरकारी संग्रहाच्या पोथ्यांचे क्रमांक ‘अमुक सालच्या संग्रहांतील अमुक’ असेच दिलेले असतात. १८७५-७६ असें साल दिसतांच ती पोथी ब्यूलर यांच्या काश्मीर-प्रवासाच्या वर्षांतील संग्रहाची हें जाणत्यास कळतें. संग्रहाची कुळी क्रमांकांतच राखण्याची ही शहाणी रीत आपण छापील पुस्तकांस लाविली नाहीं.

(६)

पुरवठादारांवर सर्व भार टाकण्यांतील धोकाहि सांगितला पाहिजे. जांगड पद्धतीचा अमेरिकेंत प्रसार करणारी रिचर्ड एबल यांची पेढी १९७४-७५ च्या सुमारास बुडाली व ऑक्सफर्डच्या ब्लॅकवेल यांच्याकडे गेली. १८२८ पासून चालत आलेली बेकर अँड टेलर ही तेथील मोठी पेढी आपला व्यवहार बंद करीत असल्याचें २०२५ च्या ऑक्टोबरांत जाहीर झालें. अशा वेळीं ग्रंथालयानें नियमपत्राची नक्कल स्वतःपाशीं ठेवली नसेल, तर आपणच काय मागत होतों हेंहि त्यास सांगतां येत नाहीं. ज्या ग्रंथांचें शरीर कागदाचें नाहीं, त्यांच्या बाबतींत तर वाचकानें ग्रंथ उघडून ठराविक मर्यादेपर्यंत वाचला कीं खरेदी आपोआप नोंदली जाते, असेहि करार होतात. आणि पुष्कळदां जें मिळतें तें स्वामित्व नसून ठराविक मुदतीची वहिवाट असते. मुदत सरल्यावर पुस्तकहि जातें व तें होतें याची खूणहि जाते.

तेव्हां करावयाचें काय? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली ग्रंथालयांच्या चालकांस. पुरवठ्याचे करार, नियमपत्रें, विक्रेत्यांचीं बिलें व परत पाठविलेल्या पुस्तकांच्या याद्या हे कागद रद्दींत घालूं नयेत. दाखल नोंदवहींत पुस्तक खरेदीचें, देणगीचें कीं देवघेवीचें, व कोणाकडून आलें, हा रकाना कधींहि कोरा ठेवूं नये. पेशव्यांच्या दप्तरांतील खर्चाच्या यादीवरून आपण त्या काळच्या राहणीचीं अनुमानें बांधतों. वाचनालयाच्या बिलांवरून पुढील पिढी आपल्या वाचनाचीं बांधील.

दुसरी संशोधकांस. ‘अमुक ग्रंथालयांत मिळत नाहीं’ एवढें लिहून थांबावें. ‘म्हणून छापलेंच नाहीं’ हें पुढचें वाक्य, तेथील आवकेचा नियम पाहिल्यावांचून लिहूं नये. माझ्या व्याख्यानांतील विधान या लेखानें मीं मागें घेत आहें.

तिसरी मंडळाच्या सभासदांस. गांवोगांवच्या देवस्थानांच्या माहितीपुस्तिका, शाळांच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त, स्थानिक लेखकांनीं स्वखर्चानें छापलेलीं चोपडीं यांस कोणताहि विक्रेता हात लावणार नाहीं, कारण त्यांत त्याचा कांहींच लाभ नाहीं. त्यांची सरसकट मागणी आपणच आपल्यावर घेतली पाहिजे. प्रत्येक सभासदानें आपल्या तालुक्यांत वर्षभरांत असें जें छापलें जाईल त्याच्या दोन प्रती मिळवाव्या, एक गांवच्या वाचनालयास द्यावी व एक मंडळाकडे पाठवावी, आणि ती कोठून कशी मिळाली हें आंतल्या पानावर तारखेसह लिहावें. एवढ्यास पैसा फारसा लागत नाहीं. पोथीच्या शोधांत आपण जी पायपीट करतों तिच्यापुढें हे श्रम कांहींच नव्हेत.

असो. त्या ४८ पानांची छायाचित्रावरून केलेली नक्कल मीं आतां गांवच्या वाचनालयांत ठेवली आहे. दाखल नोंदवहींत ‘कोणाकडून’ या रकान्यांत काय लिहावें असें तेथील ग्रंथपालांनीं विचारलें. पुस्तक दिल्लीहून समुद्रापार जाऊन गांवीं परत आल्याचा सर्व वृत्तान्त त्या लहानशा चौकटींत मावणारा नव्हता. म्हणून तो येथें नमूद करून ठेवीत आहें.